चॅनेल ४१ लागतं का? : सॅन अँटोनिओच्या केसीओआर-टीव्हीचं प्रकरण

१० जून १९५५ रोजी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात केसीओआर-टीव्ही सुरू झालं. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर फक्त स्पॅनिश भाषिकांसाठी चालणारं ते पहिलं टीव्ही स्टेशन. शहराच्या पश्चिम भागात मेक्सिकन वंशाच्या लोकांची दाट वस्ती होती, मालक त्याच समाजातला होता आणि त्याच नावाचं रेडिओ स्टेशन नऊ वर्षं उत्तम चाललं होतं. तरी १९६१ मध्ये मालकानं टीव्ही स्टेशन विकलं.

या विक्रीचं नेहमीचं स्पष्टीकरण असं, की जाहिरातदारांना स्पॅनिश प्रेक्षकांची किंमत नव्हती. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. त्याआधीचा प्रश्न साधा होता : चॅनेल ४१ घरातल्या संचावर लागतं का? बहुतेक घरांत लागत नव्हतं. भाषेशी त्याचा काही संबंध नव्हता. गोष्ट ट्यूनर, अँटेना आणि चपट्या वायरची होती.

मालक आणि परवाना

राऊल कोर्तेस यांचा जन्म १९०५ चा, मेक्सिकोतल्या वेराक्रूझ राज्यातला. सॅन अँटोनिओत त्यांनी ‘ला प्रेन्सा’ या स्पॅनिश वृत्तपत्रात काम केलं, पर्ल या बिअर कंपनीसाठी विक्री केली आणि मग एका इंग्रजी रेडिओ स्टेशनवर वेळ विकत घेऊन स्पॅनिश कार्यक्रम चालवले. वेळ घाऊक घ्यायची, तिच्यातली जाहिरात किरकोळ विकायची, हा तेव्हाचा प्रचलित धंदा. १९४६ मध्ये १३५० किलोहर्ट्झवर त्यांचं स्वतःचं केसीओआर रेडिओ सुरू झालं. १९४८-४९ मध्ये ते ‘लुलाक’ या लॅटिन अमेरिकन नागरिकांच्या संघटनेचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. ओळखी, पत आणि जाहिरातींचा अनुभव, यातलं काहीच कमी नव्हतं.

टीव्हीच्या परवान्याची वेळ मात्र वाईट होती. १९४८ ते १९५२ या काळात एफसीसीनं, म्हणजे अमेरिकेच्या दळणवळण आयोगानं, नवे टीव्ही परवाने गोठवले होते. एप्रिल १९५२ मध्ये बंदी उठली तेव्हा १४ ते ८३ हे यूएचएफ, म्हणजे जास्त वारंवारतेच्या पट्ट्यातले, चॅनेल खुले झाले. तोवर सॅन अँटोनिओत चॅनेल ४ आणि ५ जम बसवून होते, दोन्ही व्हीएचएफवर, म्हणजे २ ते १३ या कमी वारंवारतेच्या चॅनेलांत. १९५७ मध्ये व्हीएचएफवरच चॅनेल १२ आलं. कोर्तेस यांच्या वाट्याला आलं ४१.

चॅनेल ४ आणि ४१ यांत फरक किती

चॅनेल ४ म्हणजे ६६ ते ७२ मेगाहर्ट्झ, चित्रवाहक लहर ६७.२५ वर. चॅनेल ४१ म्हणजे ६३२ ते ६३८, चित्र ६३३.२५ वर आणि आवाज ६३७.७५ वर. वारंवारता सुमारे ९.४ पट. चॅनेल ४ ची अर्धी तरंगलांबी २.२३ मीटर, ४१ ची जेमतेम २४ सेंटिमीटर. हवेत लहरीचं बळ तेवढंच असलं तरी साधा डायपोल, म्हणजे दोन दांड्यांचा अँटेना, ४१ वर ९.४ पट कमी व्होल्टेज उचलतो. शक्तीत मोजलं तर जवळजवळ ८८ पट कमी, म्हणजे साडेएकोणीस डेसिबलचा खड्डा. तो प्रेक्षकाच्या छपरावरच पडतो, स्टेशननं काहीही करायच्या आधी.

एफसीसीला हे ठाऊक होतं. ‘ब’ दर्जाच्या कव्हरेजसाठी, म्हणजे बऱ्यापैकी अँटेना लावून चालण्याजोगं चित्र दिसावं म्हणून, चॅनेल २ ते ६ ला मीटरमागे एका मायक्रोव्होल्टच्या वर ४७ डेसिबल इतकं क्षेत्र पुरेसं धरलं होतं. यूएचएफला हाच आकडा ६४. फरक १७ डेसिबलचा, म्हणजे ५० पट शक्तीचा. पण १९५२ च्या नियमांत चॅनेल ४ ला १०० किलोवॅट आणि यूएचएफला १००० किलोवॅट कमाल प्रभावी शक्ती (ट्रान्समीटरची शक्ती अँटेनानं एकवटून वाढवल्यावर होते ती) होती, म्हणजे दहापटच. कमाल मर्यादेपर्यंत पैसा ओतला तरी कागदावरच सात डेसिबल कमी पडत होते. आणि कमाल गाठणार कोण? त्या काळी छोट्या स्टेशनांसाठी मिळणारे यूएचएफ ट्रान्समीटर एक किलोवॅटचे होते. त्यावर वीसपट लाभाची अँटेना चढवून आणि केबलमधला तोटा वजा करून पंधरा-वीस किलोवॅट निघाले तर खूप.

यूएचएफची एक बाजू मात्र चांगली होती. मोटारींच्या स्पार्क प्लगची चरचर आणि विजेच्या उपकरणांचा कचरा चॅनेल ४ वर जितका दिसे तितका ४१ वर दिसत नसे. सिग्नल पुरेसा असेल तिथे ४१ चं चित्र स्वच्छ असे. अडचण ‘पुरेसा’ या शब्दाची होती.

घरात काय बसवावं लागे

१९५५ मधला सामान्य संच २ ते १३ एवढेच चॅनेल घेई. ४१ साठी दोन वाटा होत्या.

पहिली, ट्यूनरची पट्टी बदलणं. त्या काळच्या अनेक संचांत फिरत्या ढोलाचा ट्यूनर असे आणि ढोलावर चॅनेलनिहाय कॉइलच्या पट्ट्या खाचेत बसवलेल्या असत. जे चॅनेल शहरात नाही त्याची पट्टी काढून तिथे ४१ साठी बनवलेली यूएचएफ पट्टी बसवता येई. काम नीटनेटकं होई, संचावर वेगळी पेटी लागत नसे. मात्र मेकॅनिक घरी बोलवावा लागे, पट्टी नेमक्या ट्यूनरचीच लागे आणि ढोलाचे स्पर्श काळे पडले की चित्र आधी ४१ वरून जाई.

दुसरी वाट संचावर ठेवायच्या कन्व्हर्टरची. हा यूएचएफ सिग्नल खाली उतरवून चॅनेल ५ किंवा ६ वर देई. सॅन अँटोनिओत ५ वर स्टेशन होतं, म्हणून ६ निवडायचं. नाहीतर ५ चा सिग्नल थेट संचात शिरून दोन्ही चित्रं एकमेकांवर चढत. ६ साठी गणित असं : कन्व्हर्टरचा ऑसिलेटर, म्हणजे स्वतःची लहर तयार करणारा भाग, ५५० मेगाहर्ट्झवर. ६३३.२५ मधून ५५० वजा केले की चित्र ८३.२५ वर, ६३७.७५ मधून वजा केले की आवाज ८७.७५ वर. बरोबर चॅनेल ६.

बिघडायचं ते इथेच. ५५० मेगाहर्ट्झवरचा व्हॉल्व्हचा ऑसिलेटर तापताना सरकतो. ०.१ टक्का सरकला तरी अर्ध्या मेगाहर्ट्झहून जास्त फरक पडतो, मग चित्राच्या कडा विरघळतात. ज्या जुन्या संचांत आवाजाचा मार्ग चित्रापासून वेगळा काढलेला होता, त्यांत आवाज आधी गायब होई. चित्र-आवाजातलं ४.५ मेगाहर्ट्झचं अंतर वापरणारे नवे संच एवढं मनावर घेत नसत. उपाय म्हणजे कन्व्हर्टर कार्यक्रमाआधी पंधरा-वीस मिनिटं चालू करून तापू द्यायचा, मग बारीक खटका फिरवायचा, आणि अर्ध्या तासानं पुन्हा एकदा फिरवायचा. शिवाय स्वस्त कन्व्हर्टरमध्ये सिग्नल वाढवणारा टप्पाच नसे, लहर थेट क्रिस्टल डायोडच्या मिक्सरमध्ये जाई. डायोडची स्वतःची गुरगुर सिग्नलात मिसळे आणि पडद्यावर मुंग्या येत.

त्यानंतर छप्पर. जुना मोठा व्हीएचएफ अँटेना ४१ ला निरुपयोगी. वेगळा, फुलपाखरासारख्या दोन त्रिकोणी पंखांचा आणि मागे जाळी असलेला यूएचएफ अँटेना लागे. तिथून खाली ३०० ओहमची चपटी वायर. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या दिवसांत आपल्याकडेही छपरावरून हीच वायर उतरायची, पण आपल्याकडचा सिग्नल व्हीएचएफचा असल्यानं तिचे दोष फारसे जाणवले नाहीत. यूएचएफवर ती निर्दय असते. कोरडी आणि नवी असताना शंभर फुटांत तीनेक डेसिबल खाते. पावसात ओली झाली, धूळ बसली, उन्हानं प्लॅस्टिक तडकलं की तोटा कित्येक पट होतो. पत्र्याच्या पन्हळीला चिकटवून नेली तर सिग्नल तिथेच संपतो. म्हणून वायर भिंतीपासून काही इंच दूर, प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर, दर फुटाला एक पीळ देऊन उतरवायची, उरलेली गुंडाळी न ठेवता कापायची. हे माहीत असलेल्या मेकॅनिकचं काम आणि नसलेल्याचं काम यांत ‘लागतं’ आणि ‘लागत नाही’ इतका फरक पडे.

म्हणजे कोर्तेस यांचा प्रेक्षक व्हायला कन्व्हर्टर, अँटेना, वायर, मजुरी असा सगळा खर्च आधी करावा लागे. आणि ज्यांच्यासाठी स्टेशन होतं, ती शहरातली सर्वांत कमी उत्पन्नाची वस्ती होती. चॅनेल ४ आणि ५ फुकट लागत.

कार्यक्रमांचा हिशेब

प्रक्षेपण सुरुवातीला संध्याकाळचंच होतं. विविधरंगी कार्यक्रम स्टुडिओतून थेट होत, रेडिओतली कलावंत मंडळी कॅमेऱ्यासमोर येत, आणि उरलेली जागा मेक्सिकन चित्रपट भरून काढत. व्हिडिओ टेप १९५६ मध्ये बाजारात आली खरी, पण पहिली यंत्रं मोठ्या नेटवर्कनाच परवडली. थेट कार्यक्रम एकदाच विकला जातो. रात्री नऊचा नाच-गाण्याचा तास दुसऱ्या शहराला पाठवता येत नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवता येत नाही. कलावंत, वादक, कॅमेरा, दिवे यांचा खर्च रोज नवा आणि वसुली एकाच शहरातल्या, त्यातही कन्व्हर्टर असलेल्या घरांतून.

त्या घरांची मोजणी आणखी अडचणीची. प्रेक्षकमापन करणारे इंग्रजीतून विचारत आणि फोन असलेल्या घरांत विचारत, म्हणून पश्चिम भागातलं घर नमुन्यात येणंच कठीण. नमुन्यात आलं तरी प्रश्न समजेलच असं नाही. आकडा छोटा निघे, आणि छोट्या आकड्याकडे बोट दाखवून जाहिरात संस्था नाही म्हणत. या समाजासाठी स्वतंत्र राष्ट्रीय मोजणी नील्सन या प्रेक्षकमापन कंपनीनं १९९२ मध्ये सुरू केली, म्हणजे स्टेशन सुरू झाल्यावर सदतीस वर्षांनी.

टीव्हीला रेडिओच्या कमाईचा आधार होता. रेडिओला कन्व्हर्टर लागत नाही.

१९६१ : काय बदललं

खरेदीदारांमागे मेक्सिकोच्या टेलेसिस्तेमा मेक्सिकानोचे प्रमुख एमिलिओ आस्कारागा विदाउरेता होते. सोबत त्यांच्यासाठी काम करणारे अमेरिकन नागरिक रेने आन्सेल्मो आणि कोर्तेस यांचे जावई एमिलिओ निकोलास. निकोलास मूळचे कोआउइला राज्यातले, जीवशास्त्र शिकून पोलिओ लशीच्या संशोधनात काम केलेले, मग सासऱ्यांच्या स्टेशनात आलेले. स्टेशनचं नाव केडब्ल्यूईएक्स झालं. चॅनेल ४१ च राहिलं.

बदलली ती कार्यक्रमांची किंमत. मेक्सिको सिटीत एकदा तयार झालेली मालिका तिथे वसूल झालेली असे, टेक्सासला येणारी टेप जवळपास वरकमाई. यात एक तांत्रिक नशीब होतं, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही : मेक्सिको आणि अमेरिका दोन्हीकडे ५२५ रेषांची, ६० हर्ट्झची एकच पद्धत. टेप जशीच्या तशी चालायची. स्पेनचे कार्यक्रम आणायचे असते तर तिथली ६२५ रेषांची पद्धत बदलून घ्यावी लागली असती आणि साठच्या दशकात ते महाग व ओबडधोबड काम होतं. दोन इंची टेप सेकंदाला १५ इंच धावे, म्हणजे तासाभराच्या कार्यक्रमाला साडेचार हजार फूट. ती जड रिळं एका स्टेशनवर लागली की पुढच्या शहरात रवाना होत. आदल्या आठवड्यात लॉस एंजेलिसला दिसलेला भाग या आठवड्यात सॅन अँटोनिओला. १९७६ पासून उपग्रहानं ही वाहतूक थांबवली.

त्याच गटाचं लॉस एंजेलिसचं स्टेशन केएमईएक्स सप्टेंबर १९६२ मध्ये चॅनेल ३४ वर सुरू झालं. पुढे न्यूयॉर्क परिसरात ४१, मायामीत २३, फ्रेझ्नोत २१. सगळी यूएचएफवर, कारण व्हीएचएफ कधीच भरून गेलं होतं. भाषेचं नेटवर्क उभं राहिलं ते दुसऱ्यांना नको असलेल्या जागांवर.

आणि ट्यूनर? त्याचं उत्तर बाजारानं दिलं नाही. १९६१ मध्ये बनलेल्या संचांत यूएचएफ असलेले दहा टक्केही नव्हते. ज्या शहरात यूएचएफ स्टेशन नाही तिथे तो खर्च कंपनी का करेल, आणि संच नाहीत तिथे स्टेशन कोण काढेल? हा पेच कायद्यानं सुटला. १० जुलै १९६२ रोजी सर्व चॅनेल घेणारे संच सक्तीचे करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष केनेडींची सही झाली आणि ३० एप्रिल १९६४ नंतर बनणाऱ्या संचांना तो लागू झाला. तरी जुने संच घराबाहेर पडायला दशक गेलं, आणि नव्या संचांत व्हीएचएफला खट्-खट् थांबणारी चकती तर यूएचएफला रेडिओसारखी गुळगुळीत फिरणारी, ही सावत्र वागणूक सत्तरच्या दशकापर्यंत चालली.

कोर्तेस यांनी विकलं ते कायद्याच्या एक वर्ष आधी. त्यांची कल्पना चुकीची होती असं म्हणायला जागा नाही, संच तयार नव्हते.

मालकीचा गुंता

१९६१ च्या व्यवहारात पुढच्या भांडणाचं बी होतं. अमेरिकी कायद्यानुसार प्रक्षेपण परवाना असलेल्या कंपनीत परदेशी व्यक्तीचा वाटा २० टक्क्यांहून जास्त चालत नाही. त्यामुळे स्टेशनांची कंपनी वेगळी आणि कार्यक्रम पुरवून जाहिराती विकणारं नेटवर्क वेगळं अशी रचना झाली. नेटवर्कला परवाना लागत नाही, तिथे ही मर्यादा नाही. कागदोपत्री सगळं बसत होतं. पण एकच माणूस दोन्हीकडे चालवत असेल तर स्टेशनचा ताबा खरा कोणाचा? १९७६ मध्ये एका भागधारकानं दावा लावला, मग स्पर्धक रेडिओवाल्यांनी आयोगाकडे तक्रार केली, आणि जानेवारी १९८६ मध्ये आयोगाचे प्रशासकीय न्यायाधीश जॉन कॉनलिन यांनी परवान्यांचं नूतनीकरण नाकारलं. परिणामी ही स्टेशनं हॉलमार्क ही शुभेच्छापत्रांची कंपनी आणि तिचा भागीदार यांना ३०.१५ कोटी डॉलरना विकली गेली. १९८७ मध्ये नेटवर्कचं नाव युनिव्हिजन झालं.

हेच दुखणं लो-पॉवर स्टेशनांत

केडब्ल्यूईएक्स पूर्ण शक्तीचं स्टेशन होतं. अनेक शहरांत स्पॅनिश टीव्ही त्याच्याही खालच्या पायरीवर आला. १९८२ मध्ये एफसीसीनं लो-पॉवर टीव्हीची सेवा सुरू केली : व्हीएचएफवर साधारण १० वॅट, यूएचएफवर १००० वॅट ट्रान्समीटर. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शननं गावोगावी बसवलेले १०० वॅटचे लघुशक्ती प्रक्षेपक फक्त दिल्ली-मुंबईचं पुढे ढकलत. अमेरिकी लो-पॉवर स्टेशनला स्वतःचे कार्यक्रम करण्याची मुभा होती. बदल्यात दर्जा दुय्यम : पूर्ण शक्तीच्या स्टेशनला त्रास द्यायचा नाही, त्याचा त्रास सोसायचा, आणि त्यानं जागा मागितली तर उठायचं. केबलवाल्यानं दाखवायलाच हवं ही सक्ती १९९२ च्या कायद्यानं पूर्ण शक्तीच्या स्टेशनांना दिली. लो-पॉवरसाठी अटी इतक्या अरुंद, की मोठ्या शहरातल्या स्टेशनला त्यांचा उपयोगच नाही. केबलनं यूएचएफचा कमीपणा पुसला तो वरच्या पायरीसाठी.

१९९९ च्या कायद्यानं काही लो-पॉवर स्टेशनांना ‘वर्ग अ’ हे संरक्षण मिळालं. अट दिवसाला १८ तास प्रक्षेपण आणि आठवड्याला सरासरी ३ तास स्थानिक निर्मितीची. ज्याच्याकडे रोजचं छोटं स्थानिक बातमीपत्र होतं ते स्टेशन बसलं. जे चोवीस तास उपग्रहावरचं नेटवर्कच दाखवत होतं ते बाहेर राहिलं. पैसे वाचवायला स्टुडिओ बंद ठेवल्याची किंमत अठरा वर्षांनी कळली. २०१७ मध्ये स्पेक्ट्रमचा लिलाव संपला, ३८ ते ५१ चॅनेल टीव्हीकडून मोबाइल कंपन्यांकडे गेले, आणि संरक्षण होतं ते पूर्ण शक्ती आणि वर्ग अ यांनाच. बाकीच्यांना मोबाइल कंपनीची १२० दिवसांची सूचना आली की हवा सोडायची.

तेव्हा अशा स्टेशनला करावं लागलं ते असं. २ ते ३६ मध्ये जागा शोधायची. संगणकीय अभ्यासात पूर्ण शक्तीच्या स्टेशनच्या ०.५ टक्क्याहून आणि दुसऱ्या लो-पॉवरच्या २ टक्क्यांहून जास्त लोकसंख्येला अडथळा येत नाही हे दाखवायचं. १० एप्रिल ते १ जून २०१८ या खास खिडकीत अर्ज टाकायचा. परवानगी मिळाली की यंत्रसामग्री : ट्रान्समीटर बहुधा नव्या चॅनेलवर लावून घेता येतो, पण आउटपुटचा मास्क फिल्टर (शेजारच्या चॅनेलांत सांडणारा सिग्नल रोखणारा) एका चॅनेलपुरताच लावलेला असतो आणि अँटेनाही अनेकदा अरुंद पट्ट्याचा, म्हणजे दोन्ही नवे. टॉवरवर जागा भाड्याची असेल तर नव्या अँटेनाचं वजन आणि वाऱ्याचा भार पुन्हा तपासावा लागतो, आणि मुदत बहुतेक वेळा इथेच हुकते. मार्च २०१८ च्या कायद्यानं लो-पॉवर आणि रिले स्टेशनांसाठी १५ कोटी डॉलरपर्यंत भरपाई ठेवली, पण यंत्रं आधी स्वतःच्या पैशानं मागवावी लागत होती.

मग प्रेक्षकाला संच पुन्हा स्कॅन करायला सांगायचं. सांगायचं कुठे? जे चॅनेल लागत नाही, त्यावर? म्हणून सूचना बदलाच्या आधी कित्येक आठवडे, दिवसातून अनेकदा, रिमोटवरची बटणं दाखवून द्यावी लागते, आणि किराणा दुकानांत, चर्चमध्ये कागद लावावे लागतात. लो-पॉवरचं अॅनालॉग प्रक्षेपण १३ जुलै २०२१ ला संपलं. अपवाद आवाजाचा : चॅनेल ६ वरच्या मोजक्या लो-पॉवर स्टेशनांनी आपला ८७.७५ मेगाहर्ट्झचा आवाज एफएम रेडिओसारखा वापरला होता, आणि तो डिजिटल चित्रासोबत चालू ठेवायची मुभा त्यांना मिळाली. सॅन अँटोनिओतल्या कन्व्हर्टरमधून १९५५ मध्ये निघायचा तोच ८७.७५.

केसीओआर-टीव्हीसाठी बांधलेली स्टुडिओची इमारत निदर्शनं होऊनही नोव्हेंबर २०१३ मध्ये पाडली गेली. ६३२ ते ६३८ मेगाहर्ट्झ आता टॉवरकडून फोनकडे जाणाऱ्या ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे. स्टेशन दुसऱ्या वारंवारतेवरून चालतं, पण त्याच्या डिजिटल प्रवाहात जुना क्रमांक सांकेतिक रूपात पाठवलेला असतो. सॅन अँटोनिओत रिमोटवर ४१ दाबलं की ते लागतं.